वेश्या अन्याय मुक्ती परिषद, सांगली
सांगली परिसरातील वेश्याव्यवसाय करणाऱ्या महिलांची संघटना. मीना सेषू यांच्या 'संग्राम' संस्थेने १९९२ मध्ये येथे एचआयव्ही प्रतिबंधाचे काम सुरू केले. निरोध वाटपाची जबाबदारी वस्तीतील महिलांकडेच सोपविण्यात आली. त्यामागचे गणित साधे होते. निरोध नाकारणाऱ्या ग्राहकाला एकीने परत पाठविले, तर तो शेजारच्या दारी जातो. सगळ्या गल्लीने ठरविले, तरच त्या नकाराला अर्थ उरतो. यातूनच १९९६ मध्ये परिषद उभी राहिली. आजारी मैत्रिणीला रुग्णालयात नेणे, तेथील अवहेलनेचा जाब विचारणे हेही सदस्यांनी अंगावर घेतले. २००४ पासून निवडक शासकीय रुग्णालयांत एआरटी औषधे मोफत मिळू लागली. मात्र ती आयुष्यभर, न चुकता घ्यावी लागतात आणि त्यासाठी आठवण करून देणारी शेजारीणच लागते.