म्यूलर, जॉर्ज
(२७ सप्टेंबर १८०५–१० मार्च १८९८). ब्रिस्टल (इंग्लंड) येथील अनाथाश्रमांचे संस्थापक व ख्रिस्ती धर्मोपदेशक. जन्म प्रशियात. हाले येथे धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले. तेथील धर्मोपदेशक फ्रांके यांच्या अनाथालयाचा आदर्श त्यांच्यापुढे होता. १८३० मध्ये त्यांनी धर्मोपदेशक म्हणून मिळणारे ठरावीक वेतन सोडले व ऐच्छिक देणगीवर निर्वाह सुरू केला.

१८३६ मध्ये ब्रिस्टलमधील विल्सन स्ट्रीटवर मुलींसाठी पहिला आश्रम उघडला. कोणापुढे हात पसरायचा नाही, गरज फक्त प्रार्थनेत सांगायची आणि कर्ज काढायचे नाही, हे त्यांचे नियम होते. १८३८ मध्ये तिजोरी रिकामी झाली, तेव्हा आश्रमाच्या सेवकांनी स्वतःजवळचे पैसे दिले, काही वस्तूही विकल्या. पण उधारी केली नाही. देवावरचा हा विश्वास म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हते. प्रत्येक देणगीची, अगदी पेनीचीही, नोंद होई व वार्षिक अहवालात पैन्‌पैचा हिशेब छापला जाई. १८७० पर्यंत ब्रिस्टलमधीलच ॲशली डाउन येथे पाच इमारती उभ्या राहिल्या आणि सुमारे २,००० मुलांची सोय झाली. म्यूलर यांच्या हयातीत सुमारे १०,००० मुलांचा सांभाळ झाला. उद्याच्या भाकरीची काळजी देवावर सोपवणारा माणूस आजचे काम किती चोख करतो, याचे हे थोर उदाहरण आहे.

म्यूलर यांचे चरित्र वाचून पंडिता रमाबाईंना बळ मिळाले. १८९६-९७ च्या दुष्काळातील निराधार मुलींना आसरा देणारे केडगावचे (जि. पुणे) मुक्तिसदन त्यांनी याच विश्वासावर चालवले.