उतार कुठल्या हाताला?

दिंडोरी तालुका म्हणजे धरणांचा तालुका. करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड, पुणेगाव, तिसगाव. बहुतेक मातीच्या भरावाची. त्यात १९७२ च्या दुष्काळात लोकांनी घमेली वाहून उभे केलेले पाझर तलाव वेगळे. आमच्याकडे सपाट जमीन कमी आणि बांध जास्त!

पण हा चढउतार कागदावर दाखवायचा कसा? प्रश्न जुना आहे. १७९९ मध्ये योहान लेमान या सॅक्सन लष्करी अधिकाऱ्याने पद्धत बसवली: उताराच्या दिशेने बारीक रेघा ओढायच्या, चढ जितका खडा तितक्या रेघा जाड. कारण साधं होतं. तोफ कुठून चढेल, हे सैन्याला कळायला हवं. आपल्या रामशेजला १६८२ पासून मोगलांनी वर्षानुवर्षं वेढा घातला, लाकडी दमदमे उभारले, तरी कडा काही वश होईना. उताराची किंमत त्यांना नकाशाशिवायच कळली!

पुढे समोच्च रेषा आल्या, पण भरावासाठी छोट्या दातेरी रेघा टिकल्या. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांवर त्या आजही दिसतात. हे नकाशे बराच काळ सामान्य माणसाच्या हाती सहज येत नव्हते. केंद्राने बरेच निर्बंध उठवले ते थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये. दरम्यान २००४ मध्ये इंग्लंडात ओपनस्ट्रीटमॅप सुरू झाला. कुणीही काढावा, कुणीही दुरुस्त करावा असा नकाशा. मीही त्यात रात्री बसून रेघा ओढतो.

तिथे भरावाचा एक नियम आहे: रेघ ज्या दिशेने ओढाल, तिच्या उजव्या हाताला खालची बाजू. बस्स, एवढंच. उपग्रहाच्या चित्रात उंची दिसत नाही, म्हणून हे माणसानेच सांगायचं.

मी एका पाझर तलावाच्या भरावाची खालच्या अंगाची कड काढली होती. मोबाईलवर ती तिथल्याच एका आजोबांना दाखवली. त्यांनी दाते पाहिले आणि म्हणाले, "अरे पोरा, तुझ्या नकाशात आमची वाडी वर अन् तळं खाली! पाणी काय चढावर जातंय का?"

रेघ उलटी ओढली होती. दोन वर्षं तशीच होती, कुणाच्या लक्षात आली नाही.

हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा पुणं बुडालं. दोन्ही मातीची धरणं. भरावाच्या खालच्या अंगाला कोण राहतं, हा नकाशातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. मदतीला येणारा बाहेरचा माणूस आजोबांना विचारत बसणार नाही, तो मोबाईलमध्येच बघेल.

लेमानने उतार दाखवला तो लढाईसाठी. आपल्याला तो दाखवायचाय खालच्या वाडीसाठी.

तर एक विनंती. पावसाळ्याआधी आपल्या गावच्या तलावाच्या भरावावर एकदा उभे राहा. पाणी एका अंगाला, घरं दुसऱ्या अंगाला. मग नकाशा उघडा आणि दाते कुठल्या बाजूला आहेत ते बघा. उलटे असतील तर रेघ फिरवा. एका क्लिकचं काम आहे. आणि बरोबर गावातलं एखादं म्हातारं माणूस न्या, चूक लवकर सापडते.