कुंपणच शेत खातं तेव्हा...

मध्ये फक्त रिओ ग्रांदे नदी. अलीकडे मेक्सिकोचं हुआरेझ, पलीकडे अमेरिकेचं एल पासो. २०१० साली हुआरेझमध्ये ३००० हून जास्त खून पडले, एल पासोत ५!

असं का? जनरल गुतिएरेझ रेबोयोचंच बघा ना. डिसेंबर १९९६ मध्ये हा मेक्सिकोच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा प्रमुख झाला. अमेरिकेनेही पाठ थोपटली. फेब्रुवारी १९९७ मध्ये साहेब गजाआड! हुआरेझ कार्टेलकडून पैसे खाऊन तो त्यांना सांभाळत होता आणि धाडी घालत होता तिहुआनाच्या टोळीवर.

पुढे माजी सुरक्षामंत्री गार्सिया लुना सिनालोआ कार्टेलसाठी २०२३ मध्ये दोषी ठरला. म्हणजे मंडळी, अटकेच्या आकड्यांवर टाळ्या वाजवण्याआधी विचारायचं, माणसं नक्की कोणाची पकडली?