१४. वलंदेज

म्हणजे डच, आजच्या नेदरलँड्सचे रहिवासी. पोर्तुगीज 'होलांदेझ'वरून मराठीत 'वलंदेज' आले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही टोपीकरांमध्ये (युरोपीय लोकांमध्ये) हे नाव येते. ही टीप ज्या पत्रावर आहे, त्यातले वलंदेज मात्र वेंगुर्ल्याच्या वखारीतले. डच ईस्ट इंडिया कंपनीने (स्थापना १६०२) ती १६३७ साली उघडली. गोव्याच्या तोंडावर नाकेबंदी करून बसलेल्या डच गलबतांना पाणी आणि शिधा तिथून मिळे. वखारीचे पडके अवशेष आजही गावात आहेत.

याच काळातले इंग्रजी कागद वाचताना मात्र जपावे. 'डच' शब्दाचे मूळ 'लोकांची (बोली)', म्हणजे लॅटिन नव्हे ती, अशा अर्थाच्या जुन्या जर्मानिक शब्दात आहे. जर्मन स्वतःला 'डॉइच' म्हणवतात तेही त्यातूनच. त्यामुळे जुन्या इंग्रजीत जर्मनही 'डच'च. फरक करायचा झाला तर 'हाय डच' (जर्मन) आणि 'लो डच' म्हणत. सतराव्या शतकात अर्थ नेदरलँड्सपुरता आकसत गेला. अमेरिकेतले 'पेनसिल्व्हेनिया डच' मात्र आजही मूळचे जर्मन. १६५२ ते १६७४ या काळात इंग्रज-डचांची तीन युद्धे झाली आणि त्या वैराने इंग्रजीत टोमण्यांची रांग लागली: 'डच करेज' म्हणजे दारू पिऊन आलेले अवसान. 'डच ट्रीट', म्हणजे ज्याचे बिल त्याने भरायचे, हा प्रयोग पुष्कळ नंतरचा, अमेरिकेतला. आपल्याकडची मुले त्यालाच 'टीटीएमएम' (तुझं तू, माझं मी) म्हणतात. यातले काहीही वेंगुर्ल्याच्या वलंदेजांना चिकटवू नये.