एका जन्मनोंदीवर दोन राज्यांचा दावा

पासपोर्ट म्हणजे राज्याने आपल्या नागरिकाला परक्या प्रदेशात जाण्यासाठी दिलेले ओळखीचे प्रमाणपत्र आणि व्हिसा म्हणजे त्या परक्या राज्याने दिलेली प्रवेशाची अनुमती; या दोन्ही कागदांत माणूस सरहद्द ओलांडतो हे गृहीत धरलेले असते. गोव्यात मात्र डिसेंबर १९६१मध्ये माणसे जागच्या जागी राहिली आणि सरहद्द सरकली, त्यामुळे तेथील नागरिकत्वाचा प्रश्न प्रवासाच्या नियमांत बसणारा नव्हता. पुढे भारत आणि पोर्तुगाल या दोन्ही राज्यांनी एकाच जन्मनोंदीच्या आधारे त्याच माणसाला आपला म्हणता येईल असे कायदे केले, आणि त्यांतून निर्माण झालेला पेच आजही पुरता सुटलेला नाही.

ब्रिटिश अमलाच्या काळात ही सरहद्द माणसांपेक्षा मालासाठी अधिक कडक होती. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने दोन्ही प्रदेशांमधील जकातीचे अडसर दूर केले. तो करार १८९२मध्ये संपला, तेव्हा जकात परतली आणि कॅसलरॉक व कुळे ही लोहमार्गावरील स्थानके दोन्ही बाजूंच्या तपासणीची ठिकाणे म्हणून ओळखली जाऊ लागली. कायद्याने पोर्तुगीज प्रजाजन असलेले गोमंतकीय मुंबईत नोकरीधंद्यासाठी येत आणि धोबीतलाव-माझगाव भागांतील कुडींत, म्हणजे एकेका गावाने आपल्या माणसांसाठी चालवलेल्या वसतिगृहांत, उतरत. उलट दिशेने मुंबई व कोकणातील सारस्वत कुटुंबे मंगेशी, कवळे, म्हार्दोळ येथील कुळदैवतांच्या दर्शनाला जात. या सतत ये-जा करणाऱ्या लोकांपैकी बहुतेकांना आपण परराज्यात आहोत याची जाणीव जकात नाक्यावर सामान उघडावे लागले तरच होत असावी.

ही स्थिती १९५४मध्ये बदलली. पोर्तुगाल वाटाघाटींना तयार होत नसल्याचे पाहून भारताने १९५३मध्ये लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली होती. पुढच्या वर्षी गोव्यातून भारतात येण्यावर व्हिसाचे निर्बंध घातले गेले, आणि १५ ऑगस्ट १९५५च्या सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी केलेल्या गोळीबारानंतर रेल्वे वाहतूकही थांबली. प्रवासाच्या परवान्याचा असा राजकीय उपयोग दमणमध्ये विशेष जाणवला, कारण दादरा व नगर हवेली हे पोर्तुगीज मुलूख चारही बाजूंनी भारतीय भूमीने वेढलेले होते आणि दमणहून तेथे पोहोचायचे तर भारतातूनच जावे लागे. पोर्तुगालने डिसेंबर १९५५मध्ये हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. १२ एप्रिल १९६०च्या निकालात न्यायालयाने खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना भारताच्या नियंत्रणाखाली मार्ग मिळण्याचा पोर्तुगालचा हक्क मान्य केला, परंतु सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना तो नाकारला, आणि भारताने आपल्या जबाबदारीचा भंग केला नाही असेही ठरवले. दोन्ही पक्षांना आपापल्या सोयीचे वाक्य सापडेल असा हा निकाल होता; जमिनीवर मात्र ते दोन्ही मुलूख १९५४मध्येच पोर्तुगीजांच्या हातून गेलेले होते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली आणि बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव हे प्रदेश २० डिसेंबरपासून भारताचे ठरले. नवा प्रदेश सामील झाल्यास तेथील कोण भारतीय हे आदेशाने ठरवण्याचा अधिकार नागरिकत्व कायदा, १९५५च्या कलम ७ने केंद्र सरकारला दिला आहे. त्यानुसार २८ मार्च १९६२ रोजी स्वतंत्र आदेश निघाला. जी व्यक्ती, तिचे आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणीही २० डिसेंबर १९६१पूर्वी या प्रदेशांत जन्मलेले असेल, ती व्यक्ती भारतीय मानली गेली. ज्यांना पूर्वीचे राष्ट्रीयत्व टिकवायचे होते त्यांना एका महिन्यात लेखी निवेदन द्यायचे होते. साडेचार शतकांच्या सत्तेनंतर निवडीला मिळालेली ही मुदत तोकडी होती हे मान्य करावे लागते, मात्र न मागता नागरिकत्व देणारा हा आदेश बहुसंख्यांच्या दृष्टीने सोयीचाच ठरला.

त्या मुदतीत पोर्तुगीज राहण्याचे निवेदन देणाऱ्यांत मोन्सिन्योर मोंतेइरो हे गोमंतकीय कॅथॉलिक धर्मगुरू होते. विदेशी म्हणून मिळालेला वास्तव्य परवाना संपल्यावरही ते गोवा सोडेनात, तेव्हा विदेशी व्यक्तींविषयीच्या कायद्याखाली त्यांना शिक्षा झाली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. गोवा हा अजून व्याप्त प्रदेश असून जिनिव्हा कराराप्रमाणे तेथील रहिवाशाला घालवून देता येत नाही, हा त्यांचा युक्तिवाद न्यायालयाने १९६९मध्ये फेटाळला. सामिलीकरण पूर्ण होताच व्याप्त स्थिती संपते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. जन्मगावी राहणारा माणूस केवळ एका निवेदनामुळे तेथे विदेशी ठरतो, हे या खटल्यात जितके उघड झाले तितके आदेशाच्या मजकुरात दिसत नव्हते.

पोर्तुगालने हे सामिलीकरण १९७४पर्यंत मानलेच नाही. त्या वर्षी लिस्बनमधील हुकूमशाही कोसळली आणि ३१ डिसेंबर रोजी दिल्लीत पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेस व भारताचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी करारावर सह्या केल्या. त्यानंतर जून १९७५च्या पोर्तुगीज हुकुमाने स्वतंत्र झालेल्या वसाहतींतील बहुतेकांचे राष्ट्रीयत्व संपवले, पण जुन्या पोर्तुगीज भारतात जन्मलेल्यांना ते टिकवण्याचे निवेदन देण्याची मुभा ठेवली. १९८१च्या राष्ट्रीयत्व कायद्याने पोर्तुगिजांच्या परदेशी जन्मलेल्या अपत्यांनाही जन्मनोंदणीद्वारे मार्ग दिला. गोव्यातल्या नोंदणी कार्यालयातील जुनी जन्मनोंद लिस्बनच्या नोंदवहीत उतरवून घ्यायची आणि मग मुलांची नोंद करायची, अशी साखळी त्यातून तयार झाली. १९८६मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेल्यावर या कागदाचे मोल एकदम वाढले, कारण पोर्तुगीज पासपोर्टावर ब्रिटनमध्ये काम करता येऊ लागले. स्विंडन शहरातील मोठी गोमंतकीय वस्ती त्याच वाटेने उभी राहिली, आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२०च्या अखेरीस ती वाट नव्याने येणाऱ्यांसाठी बंद झाली.

पोर्तुगालला दुहेरी नागरिकत्व चालते, भारताला चालत नाही. भारतीय कायद्याच्या कलम ९नुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते, आणि नियमांप्रमाणे परदेशी पासपोर्ट घेणे हा त्याचा निर्णायक पुरावा असतो. हा नियम १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला, तो पाकिस्तानी पासपोर्टांच्या प्रकरणांत. गोव्यात वाद उद्भवतो तो पासपोर्ट न घेता केवळ जन्म नोंदवणाऱ्यांबाबत, कारण जन्मापासून असलेल्या राष्ट्रीयत्वाची ही नुसती नोंद आहे असे एक बाजू म्हणते आणि नोंदणीसाठी अर्ज करणे हीच स्वेच्छा असे दुसरी.