उंची वाढवणारे संप्रेरकच वाढ थांबवते

बनशंकरी (बंगळुरू) : वयात येताना मुलामुलींची उंची झपाट्याने वाढते आणि काही वर्षांतच ती कायमची थांबते. या दोन्ही गोष्टींत इस्ट्रोजेन या एकाच संप्रेरकाचा, म्हणजे हार्मोनचा, मोठा वाटा असतो. त्यामुळे मूल किती उंच होणार, हे ते केव्हा वयात येते यावरही अवलंबून असते.

बालपणी उंची वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटरने वाढते. ही वाढ प्रामुख्याने थायरॉइड संप्रेरक आणि पीयूष ग्रंथीतून स्रवणारे वाढ संप्रेरक घडवून आणतात. पुढे मेंदूकडून संकेत मिळताच अंडाशय व वृषण कार्यरत होतात आणि वाढ संप्रेरकाचे प्रमाणही वाढते. वाढीचा सर्वाधिक वेग मुलींमध्ये १२व्या, तर मुलांमध्ये १४व्या वर्षाच्या सुमारास दिसतो. पहिल्या मासिक पाळीनंतर मुलींची उंची सहसा ५ ते ७ सेंटिमीटरच वाढते.

लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेच्या पट्ट्या असतात. हाडांची लांबी तेथेच वाढते. इस्ट्रोजेनच्या प्रभावाने या पट्ट्यांचे अखेर हाडात रूपांतर होते. मुलांच्या शरीरातही टेस्टोस्टेरॉनच्या काही अंशापासून इस्ट्रोजेन तयार होते. अमेरिकेतील डॉक्टरांनी १९९४ मध्ये २८ वर्षांच्या एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध केली. जनुकीय दोषामुळे त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणाम होत नव्हता. त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती, तरीही पट्ट्या बंद झालेल्या नव्हत्या.

मुलींमध्ये ८ आणि मुलांमध्ये ९ वर्षांपूर्वी वयात येण्याची लक्षणे दिसल्यास ती अकाली मानली जातात. असे मूल आरंभी वर्गात सर्वांत उंच दिसते. मात्र पट्ट्या लवकर बंद झाल्याने प्रौढपणी ठेंगणे राहू शकते. वेळीच निदान झाल्यास औषधांनी ही प्रक्रिया लांबवता येते. मुलींमध्ये १३ आणि मुलांमध्ये १४ वर्षांपर्यंत कोणतेही लक्षण न दिसल्यासही तपासणी आवश्यक ठरते.

बंगळुरूत असो वा नागपुरात, ५ ते १८ वर्षांच्या मुलांची उंची नोंदवण्यासाठी बालरोगतज्ज्ञांकडे भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ मधील वाढआलेख उपलब्ध आहेत. पुण्यातील डॉ. वामन खाडिलकर यांचा ते तयार करण्यात प्रमुख सहभाग होता. मूल आलेखावरील आपली रेषा सोडून वर किंवा खाली जाऊ लागले, तर तो पहिला इशारा ठरतो. त्यानंतर डाव्या मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय काढले जाते. भारतीय क्रिकेट नियामक मंडळही १६ वर्षांखालील खेळाडूंच्या वयपडताळणीसाठी याच पद्धतीचा वापर करते.

पट्ट्या बंद झाल्यावर कोणतीही पावडर, गोळी वा व्यायाम हाडांची लांबी वाढवू शकत नाही. त्यानंतर वाढ संप्रेरक अतिरिक्त प्रमाणात स्रवल्यास उंची न वाढता हात, पाय व जबडा मोठा होतो. म्हणूनच दर सहा महिन्यांनी उंची मोजून तिची नोंद ठेवणे आणि शंका आल्यास पट्ट्या बंद होण्यापूर्वीच डॉक्टरांकडे जाणे हिताचे ठरते.