तीन गोळ्यांचा हिशेब

१९९६ साली परळच्या खोलीत थोरल्या गुरुबहिणीनं माझ्या हातात पहिलं पाकीट ठेवलं. बायकांच्या कुटुंबनियोजनाच्या गोळ्या. म्हणाली, "एकीनं काय होतंय गं, रोज तीन घे." पाकिटातल्या लोहाच्या सात आम्ही फेकून द्यायचो. चार महिन्यांत छाती हुळहुळायला लागली, गालांची कातडी मऊ झाली. आरशासमोरून पाय निघेना. त्या सुखाबद्दल मी आजही कुणाची माफी मागणार नाही.

तिसऱ्या वर्षी डावी पोटरी सुजून टणक झाली. शिरेत रक्ताची गुठळी. दवाखान्यात मला पुरुषांच्या वॉर्डात टाकलं. काय गोळ्या घेतेस, हे कुणी विचारलं नाही आणि भीतीनं मीही सांगितलं नाही.

त्या गोळीतल्या औषधाचा माग मी खूप उशिरा काढला. एथिनिल एस्ट्राडायोल, जन्म १९३८, बर्लिन, शेरिंग कंपनी. शरीरातलं मूळ स्त्री-हार्मोन एस्ट्राडायोल तोंडानं घेतलं तर यकृत त्यातलं बरंचसं मोडून टाकतं. शेरिंगच्या इनहॉफेन आणि होलवेग यांनी त्याला कार्बनची छोटी शेपटी जोडली आणि यकृताला ते मोडवेना. म्हणूनच १९६१ साली शेरिंगच्या गर्भनिरोधक गोळीत ते गेलं. पण न मोडणारं औषध यकृतातच रेंगाळतं आणि रक्त गोठवणारी प्रथिनं वाढवत राहतं. त्याचा गुण तोच त्याचा दोष.

ॲमस्टरडॅमला डॉ. लुई गोरेन आणि त्यांचे सहकारी पारलिंगी स्त्रियांना हेच औषध रोज १०० मायक्रोग्रॅम देत. १९८९ साली त्यांनी ३०३ जणींचा हिशेब छापला: गुठळ्या अपेक्षेपेक्षा ४५ पट. पुढे चाळिशीपुढच्या बायकांना त्यांनी कातडीवर लावायच्या एस्ट्राडायोलच्या पट्ट्या दिल्या. ते आधी यकृतात न जाता थेट रक्तात उतरतं. गुठळ्या कमी झाल्या.

आमच्या एका गोळीत ३० मायक्रोग्रॅम. तीन म्हणजे ९०. शाळेची पायरी न चढलेली माझी गुरुबहीण ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांच्या जवळपास पोचली होती! फक्त आमच्या गुठळ्या कुणी मोजल्या नाहीत. तिथला तो हिशेब मी पाकीट फोडायच्या सात वर्षं आधी छापून झाला होता, हे कळलं त्या रात्री मी झोपले नाही.

आता दंडावर एस्ट्राडायोलचं जेल चोळते, दर सहा महिन्यांनी रक्त तपासून घेते. पोटरी अजून काळवंडलेली आहे.

थोरलीनं तीन गोळ्या कधी सोडल्या नाहीत. २००४ च्या पावसाळ्यात तिला सकाळी एकाएकी दम लागला, संध्याकाळी ती गेली. कागदावर कारण लिहिलं: हृदयक्रिया बंद.